फ्रीज-एसीवरचे तारे : दर्जा बदलला की दुकानातल्या मालाचे काय करावे?

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे जाताना रांजणगाव ओलांडले की शिरूरच्या अलीकडे कारेगाव लागते. रांजणगाव एम.आय.डी.सी.ला अगदी लागून असलेले हे गाव. रांजणगावचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कारेगावचे नाव मात्र तिथे नोकरीधंदा करणाऱ्यांनाच माहीत असते. तरीही महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांतील फ्रीज याच परिसरातून बाहेर पडलेला असतो. व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तीनही कंपन्यांचे कारखाने या वसाहतीत आहेत आणि तिन्ही ठिकाणी फ्रीज तयार होतात. २०२२ साली केंद्र सरकारने रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या समूहाला मंजुरी दिली. त्यात सुरुवातीलाच मोठी जागा घेणारी कंपनीसुद्धा आयएफबी रेफ्रिजरेशन, म्हणजे फ्रीजचीच होती.

कारखाना आला की त्याच्याभोवती लहान धंद्यांचे मोहोळ जमते. उपकरणांची दुकाने, जुन्या मालाची खरेदी-विक्री, फ्रीज-एसीची दुरुस्ती, पत्र्याची कामे, टेंपोची वाहतूक. या धंद्यांत आपले बांधव जागोजागी आहेत. ही सर्व मंडळी रोज ज्या एका गोष्टीशी व्यवहार करतात आणि जिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज बाळगतात, ती गोष्ट म्हणजे उपकरणावर चिकटवलेले ताऱ्यांचे लेबल. पाच तारे म्हणजे उत्तम, तीन तारे म्हणजे मध्यम, एवढ्यावर बहुतेकांचा अभ्यास थांबतो. वास्तविक ताऱ्यांचा दर्जा कायमचा नसतो. तो वेळोवेळी खाली उतरतो आणि उतरताना दुकानदाराचे भांडवल बरोबर घेऊन जातो. त्याचे व्यवस्थापन कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

तारा कोण देतो?

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार मार्च २००२ मध्ये ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी, म्हणजे बीईई, ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. या संस्थेने मे २००६ मध्ये ताऱ्यांची योजना सुरू केली. सुरुवातीस ती ऐच्छिक होती. ७ जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एअर कंडिशनर, ट्यूबलाइट आणि विजेचे वितरण ट्रान्सफॉर्मर यांना लेबल सक्तीचे झाले. पुढे यादी वाढत गेली.

तारा देण्याची पद्धत अशी. बीईई एक तक्ता जाहीर करते. ठरावीक आकाराच्या उपकरणाने वर्षाला अमुक युनिटांपेक्षा कमी वीज खाल्ली तर पाच तारे, त्याहून थोडी जास्त खाल्ली तर चार, असे उतरत एकापर्यंत. एका ताऱ्याच्याही खाली जे उपकरण जाईल, ते सक्तीच्या यादीत असल्यास विकताच येत नाही. कंपन्या हळूहळू सुधारणा करतात आणि काही वर्षांत बहुतेक सगळाच माल चार-पाच ताऱ्यांचा होतो. मग लेबलाला अर्थ उरत नाही, म्हणून बीईई तक्ता कडक करते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचे तक्ते असे वारंवार बदलले. अलीकडे २०२० आणि २०२३ च्या जानेवारीत हे बदल झाले.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर पेपर तोच, मुलगा तोच, त्याचे गुणही तेच. फक्त पहिल्या वर्गासाठी लागणारी टक्केवारी वाढली. कालचा पहिल्या वर्गाचा मुलगा आज दुसऱ्या वर्गात बसला. तो ढ झाला नाही. पण निकालपत्रावर 'द्वितीय' लागले आणि बाजार निकालपत्र पाहतो.

एसीच्या तक्त्यात हे अगदी लख्ख दिसते. एसीसाठी आयएसईईआर नावाचा एक आकडा वापरतात. वर्षभरात एसीने किती थंडावा दिला आणि त्यासाठी किती वीज खाल्ली, याचे ते गुणोत्तर होय. आकडा जितका मोठा तितके यंत्र काटकसरी. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच ताऱ्यांसाठी हा आकडा ४.५० लागत असे. १ जुलै २०२२ पासून तो ५.०० झाला. चार ताऱ्यांची हद्द ४.०० वरून ४.४० वर गेली, तीन ताऱ्यांची ३.५० वरून ३.८० वर. म्हणजे ४.६ आकड्याचा एसी ३० जूनला पाच ताऱ्यांचा होता, दुसऱ्या दिवशी बनलेला तोच एसी चार ताऱ्यांचा झाला. ३.६ आकड्याचा तीनवरून दोनवर आला. आणि ३.२ आकड्याचा, जो एका ताऱ्यावर कसाबसा तगून होता, तो तक्त्यातूनच बाहेर फेकला गेला, कारण खालची हद्द आता ३.३० झाली होती. १ जानेवारी २०२६ पासून एसीचे निकष पुन्हा कडक झाले आहेत.

दुकानातला अडकलेला माल

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. समजा, एखाद्याने उन्हाळ्याच्या आधी पाच ताऱ्यांचे बारा एसी प्रत्येकी ३८,००० रुपयांना उचलले. वळवाचा पाऊस लवकर आला, माल राहिला. मधल्या काळात तक्ता बदलला आणि त्याच क्षमतेचा, तेवढीच वीज खाणारा नवा माल चार ताऱ्यांच्या लेबलासह ३५,००० ला येऊ लागला. बारा नगांवर ३६,००० रुपये कागदावर बुडाले. यंत्रात एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? तक्ता बदलण्यापूर्वी बनलेला माल जुन्या लेबलासह विकून संपविण्यास सामान्यतः काही मुदत दिली जाते. २०२२ च्या बदलाच्या वेळी ती सहा महिन्यांची होती. तेव्हा जुन्या लेबलाचा माल मुदतीत विकणे बेकायदा नाही, हे आधी लक्षात घ्यावे. काही दुकानदार घाबरून जुना माल मागच्या खोलीत दडवून ठेवतात. त्याने फक्त मुदत निघून जाते.

पण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. जुन्या लेबलाचे पाच तारे दाखवून 'हा आणि तो नवा पाच तारेवाला एकच' असे सांगणे ही फसवणूक आहे. जुने लेबल खरवडून दुसरे चिकटवणे तर उघड गुन्हा. ऊर्जा संवर्धन कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गिऱ्हाईक जिल्हा आयोगात जाऊ शकते ते वेगळेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याचा प्रसंग आपल्या वाचकांना सांगायला नको. ओला भाग वर ठेवावा, म्हणजे लोकांना दिसेल, हाच त्या प्रसंगातला व्यापारी धडा होता. लेबलावरची तारीख ही आजच्या मालातली ती ओल आहे.

ही तारीख लेबलावर असतेच. लेबलाच्या मजकुरात लेबलाचा कालावधी छापलेला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. अक्षरे बारीक असतात आणि वर तारे मोठे लाल असतात, म्हणून नजर तिथे जात नाही. शिवाय वर्षाला किती युनिटे लागतील हा आकडा असतो. आमच्या मते सबंध लेबलावर वाचण्याजोग्या गोष्टी दोनच, युनिटांचा आकडा आणि कालावधी. तारे त्यानंतर. बीईईचे मोबाईलवर चालणारे एक ॲपही आहे. त्यात मॉडेल घालून लेबल खरे की खोटे हे पडताळता येते. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या आधी ते स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवावे.

व्यवहारात काय करावे, याविषयी थोडे. स्टॉक बुकात मॉडेल आणि नगाबरोबर उत्पादनाचा महिना आणि लेबलाचा कालावधी हे दोन रकाने वाढवावेत. त्यामुळे कोणता माल आधी बाहेर काढायचा ते आपोआप दिसते. कालावधी संपण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत वितरक अचानक उदार होतात, दहा नगांवर एक मोफत, दोन महिन्यांची उधारी, देखाव्यासाठी बोर्ड. हा उदारपणा कोठून आला याची चौकशी करावी. शहरातली मोठी दुकाने जुना माल घ्यायला तयार नसतात, तेव्हा तो तालुक्याच्या आणि औद्योगिक गावांच्या बाजारात ढकलला जातो. माल घ्यायचाच असेल तर एक अट लिहून घ्यावी की तक्ता बदलल्यावर कंपनीने किंमत उतरवली तर शिल्लक नगांवरील फरक क्रेडिट नोटने मिळेल. तोंडी आश्वासनाचा उपयोग नाही. ज्या प्रतिनिधीने ते दिलेले असते त्याची तोवर बदली झालेली असते.

आणि किंमत उतरवायची असेल तर लवकर उतरवावी. मुदतीच्या पहिल्या महिन्यात हजार रुपये सोडणारा दुकानदार शेवटच्या महिन्यात तीन हजार सोडण्यापासून वाचतो. आपल्याकडे मात्र 'मूळ खरेदी तरी निघू दे' म्हणून माल धरून ठेवण्याची खोड आहे. खरेदीची किंमत हा आपला इतिहास असतो. गिऱ्हाइकाला त्याच्याशी कर्तव्य नसते. हिशेबातही शिल्लक माल खरेदीची किंमत आणि विक्रीतून येणारी किंमत यांपैकी जी कमी असेल तिने धरतात. जकातीचा हिशेब काढतानाही व्यापारी मालाचा त्या दिवसाचा बाजारभावच सामान्यतः धरला जातो. तेव्हा दर्जा उतरलेल्या मालाला जुन्या भावाने मोजत बसण्यात कुठल्याच वहीत फायदा नाही.

एसीच्या व्यापाऱ्यांवर तर अलीकडे चार महिन्यांत दोन घाव बसले. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा आधीच्या किंमतीची स्टिकरे लावलेला माल अंगावर होता. तो सावरतो तोच जानेवारीत तारे बदलले. फ्रीजवाले पहिल्या घावातून वाचले, कारण फ्रीजवर २०१८ पासूनच १८ टक्के होता.

कारेगावच्या खोलीतला फ्रीज

वसाहतीत कामाला येणारा तरुण कारेगाव किंवा रांजणगावात भाड्याची खोली घेतो. विजेचे पैसे घरमालक सबमीटरप्रमाणे ठरलेल्या दराने घेतो. लग्न झाले, बायको आली, की फ्रीज हवा असतो आणि तो बहुधा जुना घेतला जातो. नोकरी बदलली की तोच फ्रीज पुढच्याला विकला जातो. असा एक फ्रीज तीन-चार खोल्या फिरतो. या व्यवहारात ताऱ्यांचा सर्वांत जास्त गैरवापर होतो. '५ स्टार आहे भाऊ, लाइट बिल येतच नाही' हे वाक्य कालावधी २०१२ चा असलेल्या फ्रीजसाठी आजही ऐकायला मिळते.

हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. जुन्या पाच ताऱ्यांच्या फ्रीजवर वर्षाला ३५० युनिटे लिहिली आहेत. त्याच मापाच्या नव्या तीन ताऱ्यांच्या फ्रीजवर २१० आहेत. म्हणजे नवा तीन ताऱ्यांचा फ्रीज जुन्या पाच ताऱ्यांच्या फ्रीजपेक्षा १४० युनिटे कमी खातो. दहा रुपये युनिटाने वर्षाला १,४०० रुपये. जुना ६,००० ला मिळतो, नवा २०,००० ला. फरक चौदा हजारांचा आणि वीज वाचते चौदाशेची. म्हणजे नुसत्या विजेवर नव्याची जादा किंमत निघायला दहा वर्षे लागतील.

यावरून काय ठरते? दोन वर्षांसाठी खोलीत राहणाऱ्या कामगाराने जुना फ्रीज घेण्यात काही चूक नाही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने हे निःशंक सांगावे. मात्र त्याच वेळी हेही सांगावे की हे तारे त्या वर्षाचे आहेत आणि दर महिन्याला सुमारे बारा युनिटे जास्त जातील. जो माणूस घर बांधून स्थायिक झाला आहे, ज्याच्या घरी फ्रीज दहा-बारा वर्षे राहणार, त्याचे गणित वेगळे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पुढच्या दोनशेंचा दर यांत मोठी तफावत असते. ज्याचा मीटर शंभराच्या आसपास घुटमळतो, त्याच्या बाबतीत फ्रीजची जादा बारा युनिटे महागड्या टप्प्यात जाऊन पडतात.

आणखी एक गोष्ट. लेबलावरची युनिटे प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत, दार न उघडता मोजलेली असतात. पत्र्याच्या छपराखालची खोली, भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रीज, दारातले सैल रबर आणि दिवसातून पन्नास वेळा उघडणारे दार. तिथे आकडा वाढणारच. दोन फ्रीजची तुलना करण्यासाठी लेबल विश्वासाचे आहे. बिलाचे भविष्य सांगण्यासाठी ते नाही. गिऱ्हाइकाला 'महिन्याला एवढेच बिल येईल' अशी हमी देणारा विक्रेता स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतो.

कारखान्याला माल देणारे

तक्ता बदलतो तेव्हा कारखान्यातले मॉडेलही बदलते. कमी वीज खायची तर भिंतीतला फोम जाड किंवा चांगला लागतो, कॉम्प्रेसर बदलतो, दाराचे रबर बदलते. परिणामी पत्र्याचे एखादे ब्रॅकेट चार मिलिमीटरने सरकते आणि ते बनविणाऱ्या लहान वर्कशॉपची डाय निकामी होते. डायचा खर्च कोणाचा, जुन्या मॉडेलचे बनवून ठेवलेले सुटे भाग कोण उचलणार, हे ऑर्डरच्या कागदावर असायला हवे. पुष्कळ ठिकाणी ते नसते. बीईईच्या तक्त्याच्या तारखा जाहीर असतात. वर्कशॉप चालविणाऱ्याने त्या कॅलेंडरवर लिहून त्याआधी सहा महिने जुन्या भागांचा मोठा साठा करू नये. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. कारागिरांनी निदान हा आकडा तरी पाठ करावा.

मेकॅनिकच्या हातातला दर्जा

आतापर्यंत सरकारने उतरविलेल्या दर्जाविषयी बोललो. एक दर्जा असा आहे की जो मेकॅनिकच्या हाताने उतरतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. दारावर पाच तारे तसेच राहतात, आत यंत्र दोन ताऱ्यांचे झालेले असते.

याचे मुख्य कारण गॅस. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून २००३ पासून नव्या फ्रीजमध्ये बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला चालतो, पण हवा तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून आता नव्या फ्रीजमध्ये बहुतांशी आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. एसीमध्ये आर-२२ जाऊन आर-४१०ए आणि मग आर-३२ आला. १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ च्या जातीचे गॅस वापरून नवी उपकरणे बनविणे देशात बंद झाले आहे. भारताने २०२१ मध्ये किगाली करार मान्य केला. त्यानुसार आर-१३४ए, आर-४१०ए आणि आर-३२ या जातीच्या गॅसवर २०२८ पासून मर्यादा येईल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. म्हणजे आज वीस वर्षांचा असलेला मेकॅनिक आपल्या उमेदीत आणखी निदान एक बदल पाहणार.

प्रत्येक गॅसची आपली एक व्यवस्था असते, त्याचे तेल, त्याचा कॉम्प्रेसर, त्याची केशनळी. 'गॅस गॅसच असतो, थंड झाले म्हणजे झाले' हा समज इथे महाग पडतो. आर-१२ च्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते. त्यात आर-१३४ए भरला तर तेल गॅसबरोबर फिरून परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जातो. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. जुन्या आर-२२ च्या एसीत तो भरणे म्हणजे सायकलच्या ट्यूबमध्ये ट्रकची हवा. गिऱ्हाईक म्हणते, 'नवीन गॅस टाका, म्हणजे एसी नवीन होईल.' अशा वेळी नाही म्हणणारा मेकॅनिक दिवसाची मजुरी गमावतो, पण वर्षाची बदनामी टाळतो.

उलट दिशेचा बदलही होतो. आर-६००ए चा फ्रीज दुरुस्तीला आला, तो गॅस जवळ नाही, म्हणून आर-१३४ए भरून दिला जातो. कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेला नसतो. फ्रीज चालतो, थोडा थंडही होतो, पण चोवीस तास बंद होत नाही. ताऱ्यांचा हिशेब तिथेच संपला. याहून वाईट प्रकार म्हणजे स्वयंपाकाच्या सिलेंडरमधला गॅस भरणे. आयसोब्युटेन आणि तो गॅस एकाच कुळातले असल्यामुळे फ्रीज चालू होतो, म्हणून काही जण त्याला युक्ती समजतात. पण त्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्यामुळे दाब वेगळा. वास येण्यासाठी घातलेले द्रव्य आणि ओलावा असतो, त्याने आतली व्यवस्था खराब होते. आणि किती भरला याला माप नसते. घरात स्फोटक वस्तू ठेवून येण्याचा हा प्रकार आहे.

आर-६००ए स्वतःही ज्वलनशील आहे, पण कारखाना तो फार थोडा भरतो, घरगुती फ्रीजमध्ये साधारण ४० ते ७० ग्रॅम. आर-१३४ए च्या फ्रीजला जेवढा लागतो त्याच्या निम्म्याहून कमी. इथेच जुन्या मेकॅनिकचा हात चुकतो. त्याचा अंदाज आर-१३४ए वर तयार झालेला असतो आणि गेज पाहून तो दुप्पट गॅस घालतो. शिवाय आर-६००ए चालू असताना आतल्या थंड बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्या बाजूला गळती असेल तर गॅस बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधणारा तिथे तासभर बसला तरी त्याला काही दिसणार नाही. म्हणून ग्रॅम दाखविणारा वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप या दोन वस्तूंशिवाय आर-६००ए ला हात लावू नये. व्हॅक्यूम न करता गॅसनेच नळी 'धुऊन' काढणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ओलावा राहतो, तो केशनळीच्या तोंडाशी गोठतो आणि आठ दिवसांत 'चोक झाला' म्हणून तोच फ्रीज परत येतो.

काम करताना दार-खिडकी उघडी, जवळ पेटता स्टोव्ह नाही, ठिणगी टाकणारे स्विच नाही. गॅस शिल्लक असताना नळीला टॉर्च लावायचा नाही. आधी गॅस मोकळ्या हवेत काढून नायट्रोजनने नळी साफ करायची. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि शुद्ध असल्याने त्याला वास नसतो. रिले आणि थर्मोस्टॅट बदलायचे झाल्यास बंद बांधणीचेच, त्या फ्रीजसाठी असलेलेच घालावेत. दहा-वीस रुपयांसाठी बाजारातला उघडा रिले बसवू नये.

नव्या मुलांनी आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांना तो शक्य नसेल तर कंपन्यांची आणि सरकारी योजनांतून होणारी छोटी प्रशिक्षणे तरी चुकवू नयेत. जुन्या गॅसच्या जागी नवे आणताना मेकॅनिकांना शिकविणे हा सरकारच्या कार्यक्रमाचा भाग आहे. वजनकाटा आणि पंप दोघा-तिघांनी मिळून घेतले तरी चालतात.

दुरुस्ती झाल्यावर फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ एक चिठ्ठी चिकटवावी. कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला, कॉम्प्रेसर मूळचा की बदललेला. कंपनीच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असतेच. आपली चिठ्ठी त्याच्या शेजारी. पुढचा मेकॅनिक टॉर्च पेटविण्याआधी ती वाचेल. आणि तो फ्रीज कारेगावच्या पुढच्या खोलीत विकायला निघाला की जुन्या मालाच्या व्यापाऱ्यालाही दारावरच्या ताऱ्यांपेक्षा मागच्या चिठ्ठीवरूनच भाव करता येईल.